दोन हजार गाणी आणि एक बंदी



संगीत हा विषय या व्यासपीठाला नवा नाही. घराण्यांवर बोलून झालं आहे, नाट्यपदांवर, अभंगांवर झालं आहे. आज मी तुम्हांला आपल्या परिघाबाहेर, पार कोरियाला नेणार आहे. तुमच्या घरातली नातवंडं बीटीएस ऐकतात, ब्लॅकपिंक ऐकतात. भिंतीवर त्यांची चित्रं लावतात, काहींनी तर कोरियन लिपीही गिरवून घेतली आहे. पण ही गाणी करणाऱ्या मुलांच्या आज्या काय ऐकत असतील, असा प्रश्न कधी तुमच्या मनात आला का? भाजी निवडताना, कारखान्यात शिलाई मारताना, बोटीची वाट पाहताना त्या काय गुणगुणत होत्या?

त्या जे गुणगुणत होत्या त्याला ट्रॉट म्हणतात. आणि ट्रॉटमधला सगळ्यांत मोठा आवाज कोणाचा असं कोरियात विचारलंत, तर बहुतेक सगळे एकच नाव घेतील : ली मी-जा. कोरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी, म्हणजे ली हे घराण्याचं नाव. जन्म 1941 चा. पहिली तबकडी 1959 ची. शेवटची मोठी मैफल एप्रिल 2025 मधली. मधली 66 वर्षं ही बाई गात होती.

आता तुम्ही म्हणाल, लोकप्रिय गायिका प्रत्येक देशात असतात, मग हिच्यावर व्याख्यान कशासाठी? यासाठी, की या एका गायिकेच्या आयुष्यात एक अवघड प्रश्न पुन्हा पुन्हा समोर उभा राहिला. गाणं कोणाचं असतं? ज्या देशात त्याचा ठेका जन्मला त्याचं? सरकार ज्याला आपलं म्हणेल त्याचं? की ज्यांनी ते ऐकून दिवस काढले त्यांचं? माझं उत्तर मी आधीच सांगून टाकतो. गाणं शेवटी ऐकणाऱ्याचं असतं. या बाईंची कारकीर्द मला त्या उत्तराचा सगळ्यांत भक्कम पुरावा वाटते.

आधी या गाण्याचं कूळ पाहू, कारण पुढचं सगळं रामायण त्या कुळावरूनच घडलं.

1910 ते 1945 अशी 35 वर्षं कोरिया जपानच्या ताब्यात होता. याच काळात ग्रामोफोन आला, तबकड्या आल्या, रेडिओ आला. तबकडीच्या कंपन्या जपानी भांडवलाच्या होत्या. ध्वनिमुद्रणासाठी कोरियन गायकांना पुष्कळदा समुद्र ओलांडून जपानला जावं लागे. त्या काळी जपानमध्ये एक नवी धाटणी रुळत होती : पाश्चात्त्य वाद्यं, दोन मात्रांचा सरळ ठेका आणि पाचच स्वर. सप्तकातले चौथा आणि सातवा हे दोन स्वर गाळून टाकायचे. इथे बसलेल्या गाणाऱ्या मंडळींना हे लगेच कळेल. मध्यम आणि निषाद गाळले की शुद्ध स्वरांत आपला भूप उरतो. आणि याच धाटणीची जी दुःखाची बाजू आहे तिचे स्वर हवे असतील, तर शिवरंजनी घ्या आणि तिचा धैवत कोमल करा. घरी गेल्यावर पेटीवर वाजवून पाहा. त्या पाच स्वरांत हुरहूर किती आहे, ते माझ्या वर्णनापेक्षा तुमच्या बोटांना लवकर कळेल.

मग हे गाणं जपानी झालं का? वाद इथूनच सुरू होतो आणि तो आजही पुरता मिटलेला नाही. जपानमध्ये या धाटणीचं जे रूप झालं त्याला एंका म्हणतात, कोरियात झालं ते ट्रॉट. जपानी बाजूचा थोर संगीतकार कोगा मासाओ, त्याचं बालपण आणि किशोरवय मात्र कोरियात गेलं. तिथे त्याच्या कानांवर काय पडलं आणि त्यातलं काय त्याच्या चालींत उतरलं, यावर अभ्यासक भांडत असतात. माझ्या मते या भांडणाला अंत नाही. दोन शेजारी देशांत, त्यातही एक धनी आणि एक दास असताना, सूर कोणत्या दिशेने गेले याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही.

पण एक गोष्ट लिहून ठेवलेली आहे. 1935 साली ली नान-योंग नावाच्या गायिकेने ‘मोक्पोचे अश्रू’ हे गाणं गायलं. मोक्पो हे कोरियाच्या नैर्ऋत्य टोकाचं बंदर. गाण्यात विरहिणी आहे, बंदर आहे, डोंगर आहे. पण त्यात एका ठिकाणी तीनशे वर्षांच्या जुन्या सलाचा उल्लेख होता, आणि तो सल सोळाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या जपानी स्वारीचा होता. जपानी सेन्सॉरच्या नजरेतून ते सुटावं म्हणून छापताना शब्दांत थोडा फेर केला, गाताना मात्र ऐकणाऱ्याला जे कळायचं ते कळत असे. श्रोतेहो, याच धाटणीच्या गाण्याला तीस वर्षांनी खुद्द कोरियन सरकार जपानी ठरवणार होतं! आणि त्यानंतर काय झालं? 1980 साली मोक्पोच्याच प्रदेशातल्या ग्वांगजू शहरात लष्कराने नागरिकांवर गोळ्या झाडल्या. त्या शहराच्या बेसबॉल संघाचे पाठीराखे पुढे मैदानात एकमुखाने कोणतं गाणं गात? हेच, ‘मोक्पोचे अश्रू’. विरहाच्या गाण्याने एका दुखावलेल्या प्रदेशाचं गाणं व्हावं, असं त्या चालीत कोणीही घालून ठेवलेलं नव्हतं. ते लोकांनी घातलं.

आता ली मी-जांकडे येऊ.

जन्म सोलमधला, आणि तोही पारतंत्र्यातला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा ही मुलगी चार वर्षांचीही झालेली नव्हती, आणि 1950 च्या जूनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा जेमतेम आठ-नऊ वर्षांची. तीन वर्षांच्या त्या युद्धाने देश बेचिराख केला आणि आधीच झालेली फाळणी पक्की केली. त्या पिढीच्या कोरियन माणसाला तुम्ही बालपणाबद्दल विचारलंत तर तो सहसा भुकेपासून सुरुवात करतो. अशा काळात या मुलीकडे आवाज होता. शाळेत असतानाच त्या गाण्याच्या स्पर्धांत उतरू लागल्या. 1958 साली देशातल्या पहिल्या दूरचित्रवाणी केंद्रावरच्या स्पर्धेत त्या पहिल्या आल्या. संगीतकार ना ह्वा-रांग यांनी हा आवाज हेरला आणि 1959 मध्ये ‘एकोणिसाव्या वर्षीचं निर्मळ प्रेम’ अशा अर्थाच्या नावाचं गाणं त्यांच्याकडून गाऊन घेतलं. पुढे ज्यांना ‘शोकगीतांची राणी’ म्हटलं गेलं त्यांचं पहिलं गाणं खेळकर आहे, लाजरं आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. दुःख हा त्यांचा स्वभाव नव्हता. ती त्यांनी कमावलेली गायकी होती.

1959 याच साली आणखी एक गोष्ट घडली. गोल्डस्टार या कंपनीने, म्हणजे आज आपण जिचे फ्रिज आणि धुलाईयंत्रं एलजी या नावाने विकत घेतो तिने, कोरियात बनलेला पहिला रेडिओ बाजारात आणला. पुढच्या काही वर्षांत सरकारनेच खेड्यापाड्यांत रेडिओ पोचवण्याची मोहीम चालवली. गावात एक यंत्र बसवायचं आणि तारेने घराघरांत भोंगा जोडून द्यायचा, अशीही सोय झाली. ज्या गावात वीज नाही, पक्का रस्ता नाही, तिथे आवाज पोचू लागला. नव्या यंत्राला नवा आवाज हवा होता, आणि तो आवाज तयार होता.

त्या वेळी गायिकेपुढे दोन रस्ते असत. एक रस्ता अमेरिकी लष्कराच्या तळांवरचा. युद्धानंतर अमेरिकी सैन्य कोरियात राहिलं. त्यांच्या क्लबांत इंग्रजी गाणी, जॅझ आणि पॉप गाणाऱ्या कोरियन कलावंतांची एक पिढीच तयार झाली. पॅटी किम त्यांतल्याच. तो रस्ता आधुनिक समजला जाई, शहरी समजला जाई, प्रतिष्ठेचा समजला जाई. दुसरा रस्ता ट्रॉटचा. या दुसऱ्या रस्त्याला पोंगचाक असंही म्हणत, ठेक्याच्या आवाजावरून पाडलेलं नाव, आणि त्यात हेटाळणीच जास्त होती. ली मी-जा या दुसऱ्या रस्त्याने गेल्या आणि आयुष्यभर त्याच रस्त्यावर राहिल्या.

आणि मग 1964 उजाडलं.

एक रेडिओ नाटक गाजत होतं, त्यावर ‘दोंगबेक आगाशी’ नावाचा चित्रपट निघाला. दोंगबेक म्हणजे कॅमेलियाचं लाल फूल, कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि बेटांवर भर थंडीत फुलणारं. आगाशी म्हणजे तरुणी. गोष्ट अशी : सोलचा एक विद्यार्थी बेटावर येतो, तिथल्या मुलीच्या प्रेमात पडतो आणि परत जातो. मुलगी आई होणार असते. ती त्याला शोधत राजधानीत येते आणि अखेर एका मद्यगृहात काम करू लागते. चाल बेक योंग-हो यांची, शब्द हान सान-दो यांचे. ध्वनिमुद्रण झालं तेव्हा ली मी-जा स्वतः गरोदर होत्या, दिवस भरत आलेले होते. त्यांच्याविषयी लिहिणारे सांगतात की ऐन उन्हाळा होता, बंद खोलीत उकाडा असह्य होता, म्हणून बर्फाच्या पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून त्यांनी ते गाणं म्हटलं.

हे गाणं तुम्ही ऐकलंत तर पहिल्यांदा कदाचित तुमची निराशा होईल. इतक्या दुःखी गोष्टीचं गाणं, आणि बाई रडत नाहीत! हुंदका नाही, आवाजाला मुद्दाम दिलेला कंप नाही. ट्रॉटमध्ये स्वर मोडून घेण्याची एक लकब असते, आपल्या खटक्या-मुरकीच्या जवळची. पुष्कळ गायक ती जागोजाग वापरतात, कारण टाळी हमखास मिळते. ली मी-जा ती जपून वापरतात. स्वर नितळ लावायचा, शब्द स्वच्छ म्हणायचा, ओळीच्या शेवटी किंचित सोडून द्यायचं. रंगमंचावरही त्या हातवारे करत नसत. पायघोळ पोशाख घालून एका जागी उभ्या राहत. दुःख मोठं असेल तर गायकाने त्याच्या आड येऊ नये, असा त्या गायकीचा धर्म आहे. आपल्याकडे अंगाई म्हणणाऱ्या बाईचा सूर जसा असतो ना, काम चालू आहे, डोळे दुसरीकडे आहेत आणि सूर मात्र अचूक आहे, तसं काहीसं. मला त्यांची थोरवी या संयमात दिसते. ‘दुःखाचं गाणं’ आणि ‘रडकं गाणं’ यांत जे अंतर आहे, ते या बाईंनी साठ वर्षं राखलं.

गाणं किती चाललं? लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ते 35 आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. पण आकड्यापेक्षा मला यात रस आहे, की ते ऐकत कोण होतं. 1960 साली सोलची लोकसंख्या साधारण 24 लाख होती. 1970 साली ती 54 लाखांवर गेली. दहा वर्षांत दुपटीहून जास्त! हे 30 लाख लोक आले कुठून? बरेचसे खेड्यांतून, बेटांवरून, दक्षिणेच्या शेतमजुरांच्या घरांतून. त्यांत हजारो तरुण मुली होत्या. कोणी कापडगिरणीत, कोणी केसांचे टोप बनवणाऱ्या कारखान्यात, कोणी श्रीमंताघरी धुण्याभांड्यांना. निर्यातीचा जो चमत्कार म्हणून कोरियाचं कौतुक होतं, तो या मुलींच्या बोटांनी उभा केला. त्या पगार गावी पाठवत, धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी. शहराने आपलंसं न केलेली, आणि गावी परतायची सोय न उरलेली मुलगी. चित्रपटातली तरुणी वेगळी कुठे होती? रेडिओवर ते गाणं लागलं की त्यांना वाटे, कोणीतरी आपली गोष्ट सांगत आहे आणि सांगताना आपल्याला लाजवत नाही.

आणि याच गाण्यावर बंदी आली.

हा भाग मी जरा सावकाश सांगणार आहे. 1965 च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या सरकारने जपानशी संबंध पूर्ववत करणारा करार केला. त्याआधीचं वर्षभर देश पेटलेला होता. 35 वर्षांच्या गुलामीचा नीट माफीनामाही न घेता हात मिळवायचा? विद्यार्थी रस्त्यावर उतरले, जून 1964 मध्ये सोलमध्ये लष्करी कायदा पुकारावा लागला. सरकारला जपानचे पैसे हवे होते : 30 कोटी डॉलरचं अनुदान आणि 20 कोटींचं कर्ज. कारखाने, रस्ते, पोलाद, सगळं त्यावर अवलंबून होतं. करार झाला. पण जनतेच्या मनातला राग तसाच होता, आणि आपण जपानधार्जिणे नाही हे दाखवण्याची सरकारला निकड होती. अशा वेळी काय करतात? करार मागे घेता येत नाही. गाणं बंद करता येतं.

‘दोंगबेक आगाशी’ला जपानी रंग आहे असा ठपका ठेवून ते प्रसारणातून हटवण्यात आलं, पुढे तबकडीही गेली. त्यानंतर त्यांच्याच ‘बेटावरचे गुरुजी’ या गाण्यावर उचलेगिरीचा आरोप ठेवून बंदी आली. मग ‘गिरोगी आप्पा’ आलं, म्हणजे हंसबाबा, दूर गेलेल्या बापाची वाट पाहणाऱ्या एकाकी भावंडांचं गाणं. ते कशासाठी बंद झालं ठाऊक आहे? ते फार दुःखी आहे म्हणून. देश प्रगतीच्या वाटेवर असताना लोकांनी इतकं खिन्न होऊ नये म्हणून! विचार करा. एक गाणं परकं म्हणून बंद, एक चोरीचं म्हणून बंद, एक दुःखी म्हणून बंद. एकाच गायिकेची सगळ्यांत लाडकी तीन गाणी, तीन वेगवेगळी कारणं. कारणं अशी बदलत गेली की संशय येतो, खरी अडचण दुसरीच असावी. मला वाटतं, खरी अडचण त्या गाण्याच्या श्रोत्याची होती. नव्या, शिस्तबद्ध, निर्यातक्षम कोरियाच्या चित्रात ती गिरणीतली मुलगी हसताना हवी होती.

याच काळातली एक हकिकत ली मी-जा यांनी स्वतः सांगितलेली आहे. राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी मेजवानीला त्यांना गायला बोलावलं आणि फर्माईश झाली ती नेमकी ‘दोंगबेक आगाशी’ची. रेडिओवर बंदी असलेलं गाणं देशाच्या सर्वोच्च दालनात गायलं गेलं. यावर मी अधिक भाष्य करत नाही. ज्याने बंदी घातली त्याच्याही कानात ते गाणं उतरलेलं होतं, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आपण हे दुरून ऐकत आहोत, पण असला शुद्धतेचा आग्रह आपल्याही अंगणात झालेला आहे. आकाशवाणीने 1940 पासून हार्मोनियमला दार बंद केलं, परकं वाद्य म्हणून, आणि ते उघडायला 1971 उजाडलं. नाट्यसंगीत आणि भजन ज्या पेटीवर वाढलं ती पेटी! आणि 1952 मध्ये ज्यांच्या मंत्रिपदाच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी चित्रपटगीतं हटवली गेली ते बाळकृष्ण केसकर आपलेच मराठी गृहस्थ, शास्त्रीय संगीताचे कळकळीचे पुरस्कर्ते. त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. पण श्रोत्यांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. पाच वर्षांनी, 1957 मध्ये विविध भारती काढावी लागली.

कोरियात मात्र पाच वर्षांत काही झालं नाही. 1987 साली लाखो लोक रस्त्यावर आले, लष्करी राजवट नमली, लोकांना राष्ट्राध्यक्ष थेट निवडण्याचा हक्क मिळाला, आणि त्याच उन्हाळ्यात बंदी घातलेल्या कित्येक गाण्यांची सुटका झाली. त्यांत ही तिन्ही गाणी होती. ‘दोंगबेक आगाशी’ वीस वर्षांहून अधिक काळ बंदीत होतं. एवढ्या काळात गाणं विसरलं जायला हवं होतं. ज्या वर्षी बंदी उठली त्या वर्षी ते कोणाला नव्याने शिकवावं लागलं नाही. घराघरांत, लग्नाच्या बैठकींत, शेताच्या बांधावर ते चालूच होतं.

आणि बंदीच्या त्या वर्षांत ली मी-जा गप्प बसल्या का? नाही. त्या गातच राहिल्या. संगीतकार पार्क चुन-सोक यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. ‘हुक्सान बेटाची तरुणी’ आलं. ‘बाईचा जन्म’ही याच काळातलं. 1970 मध्ये ‘आस्सी’ ही दूरचित्रवाणी मालिका आली, तिचं शीर्षकगीत त्यांचंच. 1990 मधली नोंद सांगते : 560 तबकड्या आणि 2,069 गाणी. व्हिएतनामच्या युद्धात दक्षिण कोरियाचे तीन लाखांहून अधिक सैनिक टप्प्याटप्प्याने जाऊन आले. त्यांच्यासमोर गायला त्या व्हिएतनामला गेल्या. विशी-बाविशीतली खेड्यातली पोरं, दुसऱ्याच्या युद्धात, परक्या उकाड्यात. 1963 पासून हजारो कोरियन पुरुष पश्चिम जर्मनीच्या कोळशाच्या खाणींत उतरत होते, पाठोपाठ परिचारिका गेल्या. त्यांच्या हातच्या पैशावर इकडे घरं चालत होती. त्या स्थलांतराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 2013 मध्ये, ली मी-जा फ्रँकफुर्टला जाऊन त्यांच्यासाठी गायल्या. समोर बसलेले खाणकामगार आता सत्तरी ओलांडलेले होते. अनेकजण जर्मनीतच राहून गेले होते.

सप्टेंबर 2002 मध्ये त्या प्योंगयांगमध्ये गायल्या. उत्तर कोरियाच्या राजधानीत, दोन्हीकडे कार्यक्रमाचं प्रसारण होत असताना. दोन देश, दोन राजवटी, पण फाळणीआधीची जुनी गाणी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना येत होती. जी चाल 1965 मध्ये पुरेशी कोरियन नाही असं ठरलं होतं, ती 2002 मध्ये दोन कोरियांना एकत्र बसून ऐकता आली! कोणत्या समितीने हे ठरवून घडवलं असतं?

आता एक गोष्ट जी मला फार लागते. 1989 मध्ये कारकिर्दीला तीस वर्षं झाली म्हणून त्यांनी सोलच्या सेजोंग सभागृहात मैफल करायचं ठरवलं. सेजोंग हे तिथलं सगळ्यांत मानाचं सभागृह, सिंफनीचं आणि ऑपेराचं. विरोध झाला. ली मी-जांनी पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की सभागृहाची पत जाईल, इथे रबरी जोडे घालणारे लोक येतील, असं बोललं गेलं. गोमुसिन म्हणजे रबराचे साधे, स्वस्त जोडे. कोरियातल्या खेड्यातल्या बाया ते घालत. लक्षात घ्या, पाश्चात्त्य धाटणीने गाणाऱ्या पॅटी किम त्या सभागृहात आधी गाऊन गेल्या होत्या. तेव्हा आक्षेप लोकप्रिय गाण्याला नव्हता. आक्षेप त्या पायांना होता. 1965 मध्ये जे राष्ट्रप्रेमाच्या भाषेत सांगितलं गेलं, ते 1989 मध्ये प्रतिष्ठेच्या भाषेत सांगितलं गेलं.

मैफल झाली. त्या बाया आल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या दारातून आत शिरल्या आणि गालिच्यावरून चालत जाऊन पैसे मोजून घेतलेल्या खुर्चीवर बसल्या. त्यानंतर ली मी-जा दर मोठ्या टप्प्याला, पस्तिसाव्या, चाळिसाव्या, पन्नासाव्या वर्षाला, त्याच सभागृहात परत आल्या. मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा हे काम मोठं वाटतं. पुरस्कारही आले. 2023 मध्ये कोरियन सरकारने सुवर्णमुकुट हा संस्कृतिक्षेत्रातला सर्वोच्च सन्मान त्यांना दिला. लोकप्रिय गाणं गाणाऱ्या कलावंताला तो पहिल्यांदाच मिळाला. ज्या राज्ययंत्रणेने गाणं बंद केलं तिनेच तो मुकुट दिला, मध्ये 58 वर्षं गेली.

शेवटचा मुद्दा थोडा अडचणीचा आहे. पण तो टाळला तर मी तुमच्याशी आणि त्यांच्याशीही प्रामाणिक राहणार नाही.

2019 आणि 2020 मध्ये कोरियात ट्रॉटची अचानक लाट आली. ‘मिस ट्रॉट’ आणि ‘मिस्टर ट्रॉट’ या दूरचित्रवाणी स्पर्धांनी देश वेडा केला. दुसऱ्या स्पर्धेची अंतिम फेरी 35 टक्क्यांहून अधिक घरांत पाहिली गेली. विजेता लिम योंग-उंग आज फुटबॉलची मैदानं भरवतो. या नव्या ट्रॉटमध्ये दिवे आहेत, नाच आहे, विनोद आहे, आणि स्वर मोडून घेण्याची ती लकब आता दर ओळीला आहे. ली मी-जांना हे सगळं रुचलेलं नाही. आपण गातो ते ट्रॉट नव्हे, ती पारंपरिक गीतं आहेत, अशी त्यांची भूमिका आहे. आपल्या पिढीच्या गाण्यामागे जो काळ होता, युद्ध, भूक, ताटातूट, तो या गाण्यांत नाही, असं त्यांना वाटतं.

त्यांच्या गायकीचा भक्त म्हणून मला त्यांचं म्हणणं कळतं. त्यांच्या संयमानंतर हा झगमगाट कानाला जड जातो. पण विचार करतो तेव्हा मी त्यांच्याशी सहमत होऊ शकत नाही. हे गाणं अस्सल नाही, हे आपलं नाही, असं त्यांच्याच गाण्याला एकदा ऐकवलं गेलं होतं. महामारीच्या वर्षी घरात कोंडून पडलेल्या, मुलं दूर असलेल्या साठी-सत्तरीच्या कोरियन बायांना या पोरांच्या गाण्यांनी आधार दिला. त्या एकत्र जमू लागल्या, एका रंगाचे कपडे घालून मैफलींना जाऊ लागल्या, आपल्या लाडक्या गायकाच्या नावाने देणग्या देऊ लागल्या. त्यांच्यात गिरणीतल्या त्या मुलीही असणारच, आता आज्या झालेल्या. त्यांना हे गाणं हवं आहे. मग ते त्यांचं नाही, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि मला वाटतं, ली मी-जांनाही हे कुठेतरी उमगलं असावं. 26 आणि 27 एप्रिल 2025 ला सेजोंगमध्ये त्यांची निरोपाची मैफल झाली. तिचं नाव परंपरेचा धागा पुढे जोडण्याविषयीचं होतं. ऐंशी ओलांडलेल्या ली मी-जांनी जोडीला कोणाला बोलावलं? जू ह्यून-मी आणि चो हांग-जो हे मधल्या पिढीचे दोघे तर होतेच. त्यांच्यासोबत होता किम योंग-बिन, ‘मिस्टर ट्रॉट’च्या तिसऱ्या पर्वाचा विजेता, आणि शाळकरी वयात ‘मिस ट्रॉट’ जिंकलेली जोंग सो-जू. ज्या स्पर्धांबद्दल त्यांच्या मनात किंतू होता त्याच स्पर्धांतून आलेली ही मुलं, आणि त्यांना त्यांनी आपली गाणी गायला दिली.